पाणी नंतर चढलं

दुसऱ्या शनिवारची हक्काची सुट्टी हैदराबादेत आबिड्सच्या हॉलमध्ये प्रशिक्षणात घालवायची म्हटलं की शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कुणाकडे नेमके पाहुणे यायचे, कुणाचं डोकं दुखायचं. त्रिवेणी मात्र पोळी-भाजी उरकून, इस्त्रीची साडी नेसून सगळ्यांच्या आधी तिथे हजर असायची.

तिची शाळा काचीगुडा स्टेशनच्या मागच्या वस्तीतली, सरकारी. आठवी ते दहावीला ती भौतिकशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेच्या नावाने एक खोली होती, पण तिच्यात मोडकी बाकं भरून ठेवलेली. इतकी वर्षं त्रिवेणीने सगळे प्रयोग फळ्यावर खडूनेच केले होते. परीक्षानळी काढायची, खाली ज्योत काढायची, बाण काढून नावं द्यायची आणि "लिहून घ्या" म्हणायचं. मुलं लिहून घ्यायची.

मग ही संस्था आली. गरीब वस्त्यांतल्या शाळांच्या विज्ञान शिक्षकांकडून साध्या वस्तूंचे प्रयोग करून घ्यायचे, म्हणजे ते वर्गात मुलांकडून करून घेतील, असं या संस्थेचं काम होतं. शिकवणारे प्रमोद सर मूळचे पुण्याचे. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी हैदराबादला आले आणि ती सोडून या कामात पडले. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी त्रिवेणीचं आडनाव ऐकून ते मराठीत म्हणाले होते, "अरे वा, म्हणजे तुम्ही आपल्याच की!" त्रिवेणीचं मराठी उदगीरकडचं, त्यात हैदराबादची दखनी उर्दू मुरलेली. पुण्याच्या माणसापुढे तोंड उघडायला तिला संकोच वाटायचा. तरी त्या 'आपल्याच'ने ती आठवडाभर सुखावली होती.

जुलैत सरांनी मेणबत्तीचा प्रयोग करून घेतला. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. सर म्हणाले, ज्योतीने आतला ऑक्सिजन संपवला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, म्हणून पाणीही साधारण तेवढंच चढतं. त्रिवेणीने हे उत्तर स्वतः शाळेत असताना पाठ केलेलं होतं आणि पुढे शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. हाताने प्रयोग करायची ही पहिलीच वेळ. पाणी चढताना बघून तिच्या तोंडून "अय्या!" निघून गेलं. शेजारचे शिक्षक हसले. तीही हसली.

पुढच्याच आठवड्यात तिने तो आठवीच्या वर्गात केला. टेबलाभोवती मुलांची झुंबड उडाली. पाणी चढलं, टाळ्या झाल्या. त्रिवेणी कारण सांगू लागली, तेवढ्यात भामाने हात वर केला.

भामाचे आईवडील पालमूरच्या दुष्काळी भागातून कामासाठी शहरात आलेले. वडील रंगकाम करत, आई बरकतपुऱ्यातल्या फ्लॅटांमध्ये धुणीभांडी. घरची भाषा तेलुगू, पण मैत्रिणींमुळे दखनी तिच्या जिभेवर पक्की बसलेली.

"टीचर, पानी तो बाद में चढ्या," ती म्हणाली.

"बाद में म्हणजे?"

भामाने जे पाहिलं ते सांगितलं. मेणबत्ती जळत होती तोवर पाणी जागचं हललं नव्हतं. उलट ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे बाहेर आले होते. मेणबत्ती विझली आणि मग पाणी सर्रकन वर गेलं. ऑक्सिजन तर जळताना संपत होता, मग पाणी तेव्हाच का नाही चढलं?

"पुन्हा करून बघ," त्रिवेणी म्हणाली. म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की वर्गात हे वाक्य आपण आजवर कधी उच्चारलंच नव्हतं.

भामाने खरंच करून बघितलं. दोन दिवसांनी सकाळी ती धावतच आली. घरी लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्त्या होत्या, त्यातल्या तिने तीन एकदम लावल्या होत्या. पाणी खूपच जास्त चढलं होतं. "तीन मोमबत्त्यां को ऑक्सिजन ज्यादा मिला क्या, टीचर?" तिने विचारलं. चेष्टा नव्हती त्यात, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना त्रिवेणीने हे सगळं घरी सांगितलं. तिचा नवरा युवराज याचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान. विज्ञानात त्याला रस नव्हता, पण बायको इतकी खुललेली बघून तो ऐकत राहिला. सासूबाई, सुशीलाबाई, म्हणाल्या, "हुशार हाय की लेकरू. मग उत्तर काय त्याचं?"

"सरांना विचारते," त्रिवेणी म्हणाली.

ऑगस्टच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत पाहुणे बसले होते, संस्थेला मदत करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे. प्रमोद सर त्या दिवशी कोट घालून आले होते आणि सारखं घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी "कुणाला काही शंका?" विचारलं. हॉलमध्ये कुणी शंका विचारत नसे. त्रिवेणी उठली. तिने हिंदीत सगळं नीट मांडलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पाहिलं, पाणी नंतर चढलं, तीन मेणबत्त्यांना जास्त चढलं.

सर हसले. "मॅडम, तीन मेणबत्त्या लावल्या म्हणून हवेतला ऑक्सिजन वाढतो?"

हॉलमध्ये खसखस पिकली.

"पण सर, बुडबुडे..."

"ग्लास तिरका धरला असेल. मॅडम, हवेत ऑक्सिजन किती असतो ते मुलांना विचारून ठरत नाही. आपण त्यांना शिकवायचं की त्यांच्याकडून शिकायचं?"

आता सगळेच हसले. पाहुण्यांपैकी एक बाई तोंडावर रुमाल धरून हसली. त्रिवेणी खाली बसली. चहाच्या वेळी सर तिच्याजवळ आले आणि मराठीत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका हं. वेळ कमी होता." त्यावर तिने चक्क माफी मागितली. "नाही सर, माझंच चुकलं. मीच नीट बघायला पाहिजे होतं."

परतताना ती सुलतान बाजारात उतरली, पण दुकानाची पायरी चढली नाही. समोरच्या बाजूने मान खाली घालून घरी गेली. सोमवारी वर्गात विचारलं तर काय सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सोमवारी भामा वर्गाच्या दारातच उभी होती. हातात पिशवी, पिशवीत स्टीलची ताटली आणि मेणबत्त्या. टीचर शनिवारी सरांना विचारणार हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. त्रिवेणी आत येताच गलबला थांबला.

"टीचर, सर क्या बोले?"

त्या क्षणी सांगण्यासारखं बरंच होतं. सरांनाही नक्की माहीत नाही, म्हणता आलं असतं. चल, सगळे मिळून बघू, म्हणता आलं असतं. पण चाळीस जोड डोळे तिच्याकडे लागले होते आणि कानात अजून तो हशा होता. तिच्या तोंडून सरांचंच वाक्य निघालं, त्याच सुरात. "हवेत ऑक्सिजन किती असतो ते तुला विचारून ठरत नाही, भामा."

दोघे-तिघे हसले. तिथे थांबली असती तरी चाललं असतं. पण हसू ऐकून तिला कुठेतरी बरं वाटलं, हेच पुढे तिला सगळ्यात जास्त जाळत राहिलं. तिने खडू उचलून भामाच्या हातात दिला. "ऑक्सिजनचं स्पेलिंग लिही."

भामाने फळ्यावर लिहिलं. अक्षरं चुकली. वर्ग खो-खो हसला.

"लिहिता येत नाही आणि चालली तपासायला! घरी मेणबत्त्या जाळत बसण्यापेक्षा पाठांतर कर. जा, बस."

भामा रडली नाही. तिने ताटली ओढणीने पुसली, पिशवीत ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. त्रिवेणी फळ्याकडे वळून तारीख लिहू लागली. तारीख आधीच लिहिलेली होती.

त्यानंतर भामाचा हात वर झाला नाही. एक दिवस ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्रिवेणीने मनाशी म्हटलं, वयात येतात मुली, गप्प होतात. स्वतःला असं समजावणं तिला फारसं जड गेलं नाही.

सप्टेंबरच्या प्रशिक्षणाला न जाण्याचं तिने ठरवलं होतं, तरी गेली. मागच्या रांगेत बसली. प्रमोद सर आज साध्या शर्टात होते. टेबलावर ताटली, ग्लास, मेणबत्त्या मांडलेल्या.

"सुरुवात करण्याआधी मला माफी मागायची आहे," ते म्हणाले. "मागच्या वेळी त्रिवेणी मॅडमनी एक प्रश्न विचारला होता. मी हसलो, तुम्हालाही हसवलं. खरं म्हणजे मला उत्तर माहीत नव्हतं आणि पाहुण्यांसमोर तसं म्हणायची हिंमत नव्हती. नंतर घरी करून बघितलं. मॅडम बरोबर होत्या. मी चूक होतो आणि गेली काही वर्षं तुम्हा सगळ्यांना चूक सांगत होतो."

सरांनी तीन मेणबत्त्या पेटवून ग्लास उपडा ठेवला. "बघा. आतली हवा गरम होऊन फुगते आणि कडेने बाहेर पडते. हे बुडबुडे. मेणबत्त्या विझल्या की उरलेली हवा थंड होते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. म्हणून पाणी नंतर चढतं. मेणबत्त्या जास्त तर उष्णता जास्त, म्हणून पाणीही जास्त. ऑक्सिजन सगळा संपतही नाही, आणि जो वापरला जातो त्याच्या जागी दुसरे वायू तयार होतात."

मग ते बाजूला झाले. "मॅडम, पुढे या. तुम्हाला हे सुचलं कसं ते सगळ्यांना सांगा."

टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या बाईंनी तिला जवळजवळ ढकललंच. माइक हातात आला. भामाचं नाव ओठांवर आलं. पण नाव घेतलं की पुढचं विचारतील: मग त्या मुलीला तुम्ही काय सांगितलंत? त्रिवेणी म्हणाली, "मुलांना करू दिलं... तेव्हा लक्षात आलं." पुन्हा टाळ्या. कुणीतरी फोटो काढला.

फोटो शिक्षकांच्या ग्रुपवरून युवराजकडे आणि तिथून उदगीर-पुण्याच्या नातेवाइकांपर्यंत कधी पोचला, तिला कळलंही नाही. युवराज दुकान लवकर बंद करून पेढे घेऊन आला. "पुण्याच्या सरांनी भर सभेत माफी मागितली म्हणे! कमाल केलीस." फोनवर अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडत होता. त्रिवेणीने पेढा हातात धरला. तो तोंडापर्यंत जाईना.

सुशीलाबाईंनी पेढा देवापुढे ठेवला आणि वळून विचारलं, "अन् त्या लेकराला काय दिलं गं? प्रश्न तर त्या पोरीचा होता ना?"

"सोमवारी सांगणार आहे तिला," त्रिवेणी म्हणाली आणि भांडी आवरायच्या निमित्ताने आत गेली. सासूबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांनी सहज विचारलं होतं. नळ सोडून ती बराच वेळ रिकाम्या पातेल्यात पाणी पडताना बघत उभी राहिली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने भामाला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिथे दुसरं कुणी नाही याची आधी खात्री करून घेतली.

"भामा, तुझं बरोबर होतं. सरांनीही मान्य केलंय. उद्या ते आपल्या शाळेत येणार आहेत, प्रशिक्षणात दाखवायला मोबाइलवर शूटिंग करणार आहेत. तू प्रयोग करून दाखव. मेणबत्त्या मी आणते."

भामा जमिनीकडे बघत उभी होती. तिने विचारलं, "आप क्लास में ये बोलते क्या, टीचर? सब के सामने?"

त्रिवेणीला प्रश्न कळला. तरी कळला नसल्यासारखं ती म्हणाली, "अगं, सर येतील तेव्हा सगळ्यांसमोरच तर करायचंय. टाळ्या मिळतील तुला."

भामाने मान हलवली. होकार की नकार, ते कळलं नाही. घंटा झाली आणि ती निघून गेली.

मंगळवारी प्रमोद सर आले. वर्ग झाडून-पुसून ठेवलेला, मुलं तेल लावून आलेली. सरांनी मोबाइल स्टँडवर लावला आणि मुलांशी गप्पा मारत म्हणाले, "तुमच्या टीचरनी मला सांगितलं होतं, इथल्या एका मुलीने पाणी नंतर चढताना पाहिलं. कोण ती?"

म्हणजे सर विसरले नव्हते. सगळ्या माना मागे वळल्या. भामा सावकाश उभी राहिली.

"तू बघितलंस? शाब्बास! काय बघितलंस, सांग बरं."

"मैं कुछ नहीं देखी, सर," भामा म्हणाली.

"घाबरू नको. तीन मेणबत्त्या लावल्यास ना घरी?"

"नहीं, सर." तिचा चेहरा कोरा होता. "मेरे को नहीं मालूम."

सरांनी गोंधळून त्रिवेणीकडे पाहिलं. एवढ्याशा पोरीने स्वतःचेच डोळे खोटे ठरवले होते, आणि तिला ते कुणी शिकवलं हे या खोलीत सर सोडून प्रत्येकाला ठाऊक होतं. आणखी एक मिनिट गप्प राहिलं असतं तर सर हसून दुसऱ्या मुलाकडे वळले असते. त्रिवेणीला तसं व्हावं असं वाटलंही. मग तिच्याच आवाजात शब्द बाहेर आले, तेलुगूत, सगळ्यांना कळावेत म्हणून.

"तिने बघितलं होतं. सगळ्यांच्या आधी बघितलं होतं. मी तिला याच वर्गात, तुमच्यासमोर, नको ते बोलले. फळ्यावर स्पेलिंग लिहायला लावून तुम्हाला हसवलं. तिचं बरोबर होतं, माझं चूक होतं. शनिवारी टाळ्या मला मिळाल्या, त्या तिच्या होत्या. तिचं नाव मी तिथे घेतलं नाही." टेबलाची कड धरून ती उभी राहिली. "भामा, मला माफ कर."

प्रमोद सरांना तेलुगू मोडकंतोडकंच येत होतं, पण तेवढं कळलं. त्यांनी पुढे होऊन मोबाइल बंद केला.

भामा खाली बसली. शेजारची मुलगी तिच्या कानात काही बोलली, तशी तिने मान दुसरीकडे फिरवली. प्रयोग त्या दिवशी त्रिवेणीने स्वतःच केला. काडी दोनदा विझली. मुलांनी बघितलं, टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

नंतर व्हरांड्यात सर म्हणाले, "मॅडम, ते वाक्य माझं होतं. तुम्ही स्वतःला इतका दोष लावून घेऊ नका."

"पहिलं वाक्य तुमचं होतं, सर," त्रिवेणी म्हणाली. "स्पेलिंगचं माझं होतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं."

जाताना सरांनी एवढंच विचारलं, हे पुढच्या प्रशिक्षणात शिक्षकांना सांगाल का? ती हो म्हणाली. ऑक्टोबरच्या शनिवारी तिने ते सांगितलं, भामाचं नाव घेऊन, आपण काय केलं तेही न वगळता. या वेळी कुणी फोटो काढला नाही. दोन शिक्षिका चहाच्या वेळी तिच्यापासून जरा लांबच उभ्या राहिल्या. एक वयस्क मास्तर मात्र जवळ येऊन, कप हातात घोळवत म्हणाले, "माझ्याही वर्गात एक मुलगा होता."

भामा शेवटच्या बाकावरून पुढे आली नाही. प्रश्न विचारला तर उठून उत्तर द्यायची, जेवढ्यास तेवढं. त्रिवेणीने तिला मॉनिटर करून बघितलं, तिने ते काम चोख केलं, एवढंच. सगळ्यांसमोर मागितलेल्या माफीने सगळं जागेवर येईल, असं त्रिवेणीला आत कुठेतरी वाटत होतं. तसं काही झालं नाही. रोज वर्गात शिरताना तिची नजर आधी त्या बाकाकडे जायची आणि रोज तिला तीच लाज नव्याने वाटायची.

डिसेंबरात प्रकाशाचा धडा आला. त्रिवेणीने मुलांना घरून स्टीलचे चमचे आणायला सांगितले होते. चमच्याच्या आतल्या बाजूत आपला चेहरा उलटा दिसतो, बाहेरच्या बाजूत सरळ. वर्गात हशा, गोंगाट, चमच्यांचा खणखणाट. बाकांमधून फिरता फिरता ती मागे गेली, तेव्हा तिला भामाचा आवाज ऐकू आला. भामा चमचा डोळ्याच्या अगदी जवळ नेत होती, लांब धरत होती आणि शेजारणीला भराभरा काहीतरी सांगत होती, "देख, नजदीक लाए तो..."

त्रिवेणीची चाहूल लागताच ती थांबली. चमचा मांडीवर गेला.

काय बघितलंस, हे विचारायची त्रिवेणीला अनावर इच्छा झाली. तिने विचारलं नाही. काहीच ऐकलं नसल्यासारखी ती तिथून सरळ पुढे निघून गेली, खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि बाहेर मैदानाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने मागची कुजबुज पुन्हा सुरू झाली, आधी हळू, मग जरा मोठ्याने. त्रिवेणी वळली नाही. तास संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.